चालतंय ना, मग चालू दे!

शुक्रवार. संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. अठराशे शब्दांची स्टोरी तयार, फक्त शेवटच्या पॅऱ्यावर एक हात फिरवायचा बाकी. डेडलाइन साडेसहाची. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच मी डेडलाइनच्या आधी! त्या आनंदात चहा टाकायला किचनमध्ये गेले. कप घेऊन परत येते तर स्क्रीनवर माझी स्टोरी गायब. गोल गोल फिरणारे ठिपके आणि खाली अतिशय नम्र सूचना – अपडेट सुरू आहे, कृपया कॉम्प्युटर बंद करू नका. ३ टक्के पूर्ण.

बोंबला!

सात वाजता ३८ टक्के. आठ वाजता ३८ टक्के. सव्वाआठला एडिटरने फोनवर जे ऐकवलं, ते या पानावर छापता येणार नाही. पावणेदहाला लॅपटॉपला जाग आली. स्टोरी शाबूत होती, पण तोवर माझ्या पानावर दुसऱ्याच कुणाची तरी स्टोरी लागली होती. आणि फ्रीलान्सरचं गणित तुम्हाला माहीतच आहे. छापून आलं नाही तर चेकही येत नाही.

आता खरं सांगायचं, तर त्या बिचाऱ्या लॅपटॉपची काही चूक नव्हती. तो सत्तेचाळीस दिवस (मी नंतर मोजले) कोपऱ्यातून विचारत होता, ‘करू का?’ आणि सत्तेचाळीस दिवस मी ‘रिमाइंड मी लेटर’ दाबत होते. शेवटी त्याने विचारणं सोडलं आणि करून टाकलं.

तुमचंही असंच आहे ना? खोटं बोलू नका. बाइकची सर्व्हिसिंग दोन हजार किलोमीटर मागेच व्हायला हवी होती. एसीचा फिल्टर कुठे असतो हे शेवटचं कधी पाहिलं होतं? फोनवर तर लाल ठिपक्यात आकडाच आहे, इतकी अॅप्स अपडेटच्या रांगेत. आपला सगळ्यांचा फंडा एकच – चालतंय ना, मग चालू दे!

त्या रात्री मी शपथ घेतली, आता आयुष्यात अपडेट करायचंच नाही. ही शपथ पाच दिवस टिकली. कारण पाचव्या दिवशी खंडेनवमी होती.

माझ्या मामांचं भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. तीन व्हीएमसी मशिन, चौदा माणसं आणि दिवसभर उकळत असलेला चहा. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांना माल देणारे व्हेंडर असतात, त्या व्हेंडरना माल देणारे आमचे मामा. खंडेनवमीला तिथे सगळी मशिन थांबतात. आदल्या दिवशीपासून घासूनपुसून लख्ख केलेली असतात. मग झेंडूच्या माळा, हळदी-कुंकू, नारळ, पेढे. लहानपणी मला फक्त पेढ्यांमध्ये इंटरेस्ट होता. यावर्षी पहिल्यांदा डोक्यात आलं, की काय सॉलिड आयडिया आहे ही! वर्षातून एक दिवस हत्यार खाली ठेवायचं, साफ करायचं, त्याच्याकडे नीट बघायचं. मेंटेनन्सचा चक्क सण करून टाकला आपल्या लोकांनी.

मामांच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरलाही हळदी-कुंकू लागलं होतं, की-बोर्डवर झेंडूचं फूल होतं. हा कॉम्प्युटर म्हणजे घरातलं सगळ्यात नाजूक प्रकरण. अकरा वर्षांचे प्रोग्राम आणि ड्रॉइंग त्याच्या पोटात. तीनही मशिनना प्रोग्राम तिथूनच जातो. त्यावरची ऑपरेटिंग सिस्टिम इतकी जुनी, की बनवणाऱ्या कंपनीने तिचा सपोर्ट कधीच बंद केलाय. आणि याच कॉम्प्युटरवर मामा बिलं करतात, ई-मेल बघतात आणि दुपारी जेवताना नाट्यगीतं लावतात.

माझी मामेबहीण, म्हणजे ताई, हिंजवडीत एका आयटी कंपनीत आहे. तिचं कामच पॅच लावण्याचं. हजारो कॉम्प्युटर आणि सर्व्हरवर कुठला अपडेट कधी जाणार, हे तिची टीम ठरवते. आता विचार करा, डॉक्टर मुलीच्या घरी बाबा रोज दोन पाकिटं सिगारेट ओढत असतील तर तिचं काय होईल? तेच ताईचं त्या कॉम्प्युटरकडे बघून होतं.

दीड वर्षापूर्वी तिला राहवलं नाही. एका गुरुवारी (भोसरीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते) तिने मामांना न सांगता किल्ली घेतली आणि त्या कॉम्प्युटरवर नवीकोरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. सरप्राइज म्हणून! शुक्रवारी सकाळी फर्स्ट शिफ्टचा ऑपरेटर आला आणि तीनपैकी एकाही मशिनला प्रोग्राम जाईना. कॉम्प्युटरला मशिनशी जोडणारं जे जुनं कार्ड होतं, त्याला नव्या सिस्टिमची भाषाच कळत नव्हती. ताईने रजा टाकली, दोन रात्री जागली. शेवटी तिसऱ्या दिवशी मशिनवाल्यांचा माणूस आला आणि त्याने जुनंच सगळं पुन्हा बसवलं. तीन दिवसांचं काम बुडालं, डिलिव्हरी चुकली, त्या पार्टीने पुढची ऑर्डर दुसरीकडे दिली.

मामा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, ‘‘तू हिंजवडीतलं बघ. भोसरीतलं मी बघतो.’’ त्या दिवसापासून बापलेकीत जेवणखाण, लग्नकार्य, राजकारण, सगळ्यावर गप्पा होतात. वर्कशॉपचा विषय निघाला, की दोघंही टीव्हीचा आवाज वाढवतात.

तर यावर्षी खंडेनवमीला आम्ही पेढे वाटायला शेजारच्या शेडमध्ये गेलो. शटर अर्धं वर. माळ नाही, रांगोळी नाही. आत मालक एका खुर्चीवर बसलेले. त्यांच्या ऑफिसात कुणीतरी ई-मेलमधून आलेली परचेस ऑर्डर उघडली होती. ती परचेस ऑर्डर नव्हती. दुसऱ्या दिवशी सगळ्या फाइल्सना कुलूप आणि स्क्रीनवर पैशांची मागणी. रॅन्समवेअर! बॅकअप होता, पण त्याच कॉम्प्युटरला कायम जोडलेल्या डिस्कवर. तिलाही कुलूप. नऊ दिवस काम बंद होतं. ‘‘पोरांच्या दिवाळीच्या बोनसचं काय सांगू, कळत नाही,’’ असं ते म्हणाले आणि पेढा तसाच टेबलावर ठेवला.

परत येताना कुणीच बोललं नाही. मामांच्या डोक्यात काय चाललंय हे मला दिसत होतं. त्यांच्याकडेही चौदा पोरं आहेत.

केबिनमध्ये आल्यावर ताईने दीड वर्षाचं मौन सोडलं. ‘‘बाबा, अजून किती थांबायचं?’’

‘‘चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची? मागच्या वेळी घातली होती, बघितलंस ना?’’

आता मी, ३८ टक्क्यांची ताजी जखम घेऊन, अर्थातच मामांच्या पार्टीत! मग जी वादावादी झाली, ती तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या कामाची आहे, म्हणून इथे देतेय.

पहिली बॅटिंग ताईची. ‘‘मे २०१७ आठवतोय? वॉनाक्राय?’’ १२ मे २०१७ला हा व्हायरस जगभर पसरला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ ट्रस्टपैकी किमान ८१ ट्रस्टना त्याचा त्रास झाला. हॉस्पिटलमधल्या अंदाजे १९ हजार अपॉइंटमेंट रद्द झाल्या. ऑपरेशनसुद्धा. काही ठिकाणी अॅम्ब्युलन्स दुसरीकडे वळवाव्या लागल्या. नंतर तिथल्या सरकारने हिशेब लावला, तो साधारण ९ कोटी २० लाख पौंडांचा. आणि गंमत ऐका (ताईच्या भाषेत ‘गंमत’ म्हणजे भयानक गोष्ट), ज्या भगदाडातून हा व्हायरस शिरला, ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. म्हणजे ५९ दिवस आधी, फुकट! सूचनाही गेल्या होत्या. बरं, बहुतेक बाधित कॉम्प्युटर काही अगदी जुनाट नव्हते. त्यांना पॅच उपलब्ध होता, फक्त लावला नव्हता.

एकोणसाठ दिवस. माझे सत्तेचाळीस झाले होते. मी गुपचूप पेढा खाल्ला.

‘‘आणि लोकांना एक कळत नाही,’’ ताई म्हणाली, ‘‘पॅच आला, की धोका कमी होत नाही, वाढतो.’’ म्हणजे कसं? मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच देते. २००३पासूनचा शिरस्ता आहे. आपल्याकडे तेव्हा मंगळवारची रात्र असते. पॅच बाहेर पडला, की जगभरातले चोर तो उघडून बघतात. जुन्यात आणि नव्यात फरक काय? जिथे ठिगळ लावलंय, तिथेच भोक होतं! म्हणजे पॅच ही एका अर्थी जाहिरातच, की या वाड्याची मागची भिंत पडलेली आहे. ज्याने भिंत बांधली तो सुटला. ज्याने ‘रिमाइंड मी लेटर’ म्हटलं, त्याचा पत्ता आता सगळ्या चोरांना ठाऊक.

स्कोअर एक-शून्य. मग मी मैदानात उतरले. ‘‘आणि जुलै २०२४?’’

१९ जुलै २०२४, शुक्रवार. आपल्याकडे सकाळचे पावणेदहा वाजत होते. क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीने आपल्या सिक्युरिटी सॉफ्टवेअरसाठी एक छोटीशी फाइल पाठवली. त्यात चूक होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरातली ८५ लाख मशिन निळी पडून बसली. विमानं रखडली, बँका अडल्या, हॉस्पिटलं अडली. आपल्याकडे काही विमानतळांवर चक्क हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्यांचे फोटो तुम्हीही फॉरवर्ड केले असतील. कंपनीने चूक ७८ मिनिटांत मागे घेतली, पण जी मशिन पडली होती, ती अनेक ठिकाणी माणसांनी एकेक करून उठवली. चोर नाही, व्हायरस नाही. संरक्षणासाठी आलेल्या अपडेटनेच घर बंद पाडलं!

एक-एक. मामा खूश.

‘‘ठीक आहे,’’ ताई म्हणाली. ‘‘आता असं एक सांगते, ज्यात तुम्ही दोघंही बरोबर आणि दोघंही चूक.’’ २७ जून २०१७. वॉनाक्रायनंतर जेमतेम दीड महिना. युक्रेनमध्ये हिशेब आणि टॅक्ससाठी वापरलं जाणारं एक सॉफ्टवेअर होतं. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटमध्येच विष कालवलं. ज्यांनी इमानदारीत अपडेट घेतला, त्यांच्याकडे नॉटपेट्या शिरला. पुढे पसरायला त्याने दोन रस्ते धरले. एक तेच वॉनाक्रायवालं भगदाड, जे अजूनही कित्येकांनी बुजवलं नव्हतं. दुसरा म्हणजे चोरलेले पासवर्ड, म्हणजे पॅच लावलेली मशिनही सुटली नाहीत. मर्स्क ही जहाजवाहतुकीतली अवाढव्य कंपनी त्यात आडवी झाली. आपल्या न्हावा-शेव्याला, जेएनपीटी बंदरात त्यांच्या ग्रुपकडून चालवलं जाणारं टर्मिनलही अडलं. मर्स्कचा तोटा २५ ते ३० कोटी डॉलर. चार हजार सर्व्हर आणि ४५ हजार कॉम्प्युटर त्यांना दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले.

‘‘उभे कशाच्या जोरावर केले?’’ मामांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. कंपनीतल्या सगळ्या युजर आणि मशिनची मास्टर यादी ज्या सर्व्हरवर असते, ते सर्व्हर जगभर होते आणि सगळे पुसले गेले. एक सोडून. आफ्रिकेत, घानाच्या ऑफिसातला. हल्ल्याच्या वेळी तिथे लाइट गेली होती, म्हणून तो नेटवर्कवर नव्हता!

मामा इतके हसले, की ठसका लागला. ‘‘म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीला लोडशेडिंगने वाचवलं?’’

‘‘हो बाबा. पण आपण त्या भरवशावर नाही राहू शकत.’’

हे ऐकल्यावर मामा उठले आणि आम्हाला मशिनकडे घेऊन गेले. टूलबॉक्समधून लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला. एक मशिन चालू केलं, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक स्पिंडलच्या बॉडीला लावलं आणि मूठ कानाला. डोळे मिटून अर्धा मिनिट ऐकलं. मग मला ऐकायला दिलं. मला फक्त ‘घूंऽऽ’ ऐकू आलं.

‘‘बेअरिंग चांगलं आहे. म्हणून मी उघडत नाही,’’ मामा म्हणाले. ‘‘तारीख बघून बेअरिंग बदलायला सांगतात. मी एकदा ऐकलं त्यांचं. चांगलं चाललेलं स्पिंडल उघडलं, नवं बेअरिंग टाकलं, आत कचरा गेला असेल नाहीतर बसवण्यात चूक झाली असेल, महिनाभरात परत उघडावं लागलं. पण तेल? तेल मी रोज बघतो. फिल्टर ठरल्या दिवशी. आणि तो वरचा ट्यूबलाइट गेला, की बदलतो, आधी नाही.’’

घरी येऊन मी याच्यावर जरा वाचलं आणि उडालेच. भोसरीतल्या मामांचं म्हणणं दुसऱ्या महायुद्धात सिद्ध झालंय! कॉनरॅड वॉडिंग्टन नावाचे ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पाणबुड्या शोधणाऱ्या बॉम्बर विमानांच्या दुरुस्तीचे आकडे तपासत होते. ठराविक तास उडालं, की विमान उघडून तपासायचं, हा नियम. आकड्यांत दिसलं, की तपासणी झाल्याझाल्या बिघाड कमी व्हायला हवेत, तर उलट वाढतात! मग हळूहळू कमी होतात. तोवर पुढच्या तपासणीची वेळ येते. कारण साधं होतं. चांगलं चाललेलं यंत्र माणसाने उघडलं, की तो काहीतरी हलवतो. पुढे १९७८मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या दोघांनी विमानांच्या भागांवर मोठा रिपोर्ट दिला. त्यातल्या एका पाहणीत ११ टक्केच भाग असे निघाले, जे वयानुसार झिजून बिघडायला लागतात. ६८ टक्के भाग असे, की बिघडायचे तर नवे असतानाच जास्त. म्हणजे ‘जुनं झालं, बदला’ हा नियम बहुतेक ठिकाणी लागूच नव्हता.

मग मेंटेनन्स करूच नये? तसं नाही! त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक भागाला वेगळा प्रश्न विचारा. हा बिघडला तर काय होईल? बिघडण्याआधी तो काही खूण देतो का? खूण देत असेल, तर ऐका. देत नसेल पण बिघडल्याने जिवाशी गाठ असेल, तर वेगळी तजवीज करा. बिघडून काही फरक पडत नसेल, तर बिघडू द्या. तेल, स्पिंडल, ट्यूबलाइट. मामांना रिपोर्ट वाचायची गरजच नव्हती.

पण ताईने तिथेच, मशिनपाशी उभं राहून, मामांना नेमक्या ठिकाणी पकडलं. ‘‘बाबा, स्पिंडल खूण देतं. आवाज बदलतो, गरम होतं. कॉम्प्युटरला स्क्रू-ड्रायव्हर लावून भोक ऐकू येतं का? शेजारच्या काकांचा कॉम्प्युटर आदल्या दिवशी कसा चालत होता?’’

मामा म्हणाले, ‘‘मस्त चालत असणार.’’

आणि गप्प झाले.

कारण ‘चालतंय ना’ हे वाक्य लोखंडाबद्दल खरं असतं. लोखंड झिजताना कुरकुरतं. सॉफ्टवेअर झिजत नाही. ते जसंच्या तसं असतं, बाहेरचं जग बदलतं. कालपर्यंत ज्या भिंतीतलं भोक कुणाला माहीत नव्हतं, ते आज सगळ्यांना माहीत असतं, आणि भिंत मात्र कालच्यासारखीच दिसते.

मग मामांनी हिशेबाची वही काढली. एक मशिन तासाला सहाशे रुपये, दोन शिफ्टचे सोळा तास, तीन मशिन. दिवसाला २८ हजार ८००. नऊ दिवस बंद, म्हणजे २ लाख ५९ हजार २००. ‘‘समजा, दहा वर्षांत एकदा असं होईल,’’ मी माझं कॉलेजातलं स्टॅटिस्टिक्स झाडलं, ‘‘म्हणजे वर्षाला सरासरी सव्वीस हजार. त्याच्या आत खर्च बसत असेल तर करायचा.’’

मामांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी शाळेत गणिताचे सर बघायचे. ‘‘बाळा, सरासरी त्या जहाजवाल्यांना. त्यांची हजार दुकानं, एक बंद पडलं तर नऊशे नव्याण्णव चालू. माझं एकच आहे. दहा वर्षांतून एकदा म्हणजे दिवाळीच्या आधी पण असू शकतं. तेव्हा ही सरासरी पोरांना बोनस म्हणून वाटू का?’’

या एका वाक्यासाठी मी हा कॉलम लिहितेय. आपण रिस्कचं गणित करताना नेहमी शक्यता किती, एवढंच बघतो. झालंच तर आपल्याला झेपेल का, हा दुसरा प्रश्न विसरतो. माझी एक स्टोरी बुडाली, वाईट झालं, झेपलं. शेजारच्या काकांना नऊ दिवस झेपत नव्हते. ज्याला फटका झेपत नाही, त्याने सरासरी बघून गप्प बसायचं नसतं.

आणि ताईनेही कबूल केलं, की दीड वर्षापूर्वी तिने जे केलं, ते तिच्या ऑफिसात केलं असतं, तर नोकरी गेली असती. ‘‘तिथे आम्ही आधी पाच-दहा मशिनवर लावून बघतो. मग थोड्यांवर. मग सगळीकडे, शनिवारी रात्री, सगळ्यांना आधी मेल करून. आणि फसलं तर मागे कसं यायचं, हे आधी लिहून ठेवतो. घरी मी यातलं एकही केलं नाही. मला वाटलं, घरचंच तर आहे.’’

मामा काही बोलले नाहीत. पेढ्याचा बॉक्स तिच्यापुढे सरकवला.

शेवटी काय ठरलं? मशिनना प्रोग्राम देणारा तो म्हातारा कॉम्प्युटर बदलायचा, तर मशिनवाल्यांचं कोटेशन चार लाखांचं. यावर्षी शक्य नाही. मग त्याला अपडेट करायचाच नाही! पण त्याची इंटरनेटची वायर काढायची. कायमची. बिलं, ई-मेल आणि नाट्यगीतं यांच्यासाठी वेगळा, सेकंडहँड पण सपोर्ट चालू असलेला कॉम्प्युटर, १४ हजार. त्यावर अपडेट आपोआप. दोन एक्स्टर्नल डिस्क, साडेआठ हजार. एक दर गुरुवारी जोडायची, बॅकअप घ्यायचा आणि काढून कपाटात ठेवायची. दुसरी घरी, महिन्यातून एकदा. आणि वर्षातून दोनदा त्या बॅकअपवरून खरंच काही परत मिळतं का, हे बघायचं. एकूण साडेबावीस हजार आणि गुरुवारचा एक तास. मामांच्या वहीप्रमाणे वर्कशॉपचा एक दिवससुद्धा नाही.

मुंबईकरांना यातलं काही नवीन वाटणार नाही. रविवारचा मेगाब्लॉक म्हणजे दुसरं काय? आपण शिव्या देतो, पण रेल्वे म्हणते, बंद पडायचंच आहे ना, मग मी सांगेन त्या दिवशी, मी सांगेन तितके तास. सोमवारी सकाळी पावणेनऊला, मला न विचारता नको. मेंटेनन्सचा खर्च टळत नाही. तो कधी द्यायचा, एवढंच आपल्या हातात असतं. माझ्या त्या शुक्रवारी मी ते ठरवणं सत्तेचाळीस दिवस लॅपटॉपवर सोडलं होतं.

तर मंडळी, जाता जाता ताईचा घरगुती फंडा, सोप्या भाषेत. ब्राउझर, बँकेचं अॅप, फोनचे सिक्युरिटी अपडेट, म्हणजे जे जे बाहेरच्या जगाशी बोलतं, ते लगेच. रात्री झोपताना चार्जिंगला लावा आणि होऊ द्या. फोन किंवा लॅपटॉपचं अख्खं नवं व्हर्जन आलं, की पहिल्याच दिवशी उडी मारू नका. दोन-तीन आठवडे दुसऱ्यांना त्यातले खड्डे शोधू द्या, तोवर जुन्या व्हर्जनचे सिक्युरिटी पॅच मात्र चालू ठेवा. ज्याचा सपोर्ट संपलाय, ते नेटवर ठेवू नका. विंडोज टेनचा नेहमीचा मोफत सपोर्टसुद्धा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेव्हा घरातला तो जुना लॅपटॉप एकदा बघाच. बॅकअप वेगळ्या जागी आणि वायर काढलेला. आणि दुसऱ्याच्या मशिनला, मग ते बाबांचं का असेना, विचारल्याशिवाय हात लावू नका.

निघताना मी बघितलं, मामांनी ताईच्या पर्समधून तिची एक्स्टर्नल डिस्क काढून घेतली होती. तिला हळदी-कुंकू लावलं आणि झेंडूचं फूल वाहिलं. मग ताईला म्हणाले, ‘‘येत्या गुरुवारी किती वाजता येतेस?’’

आणि माझं? कोपऱ्यात आत्ता पुन्हा तीच विचारणा आलीय, ‘करू का?’ हा कॉलम एडिटरला मेल करते. ‘मिळाला’ असं उत्तर आलं, की एक कॉपी पेनड्राइव्हवर, आणि मग ‘अपडेट अँड रिस्टार्ट’.

आधी मेल, मग अपडेट. एवढं तरी मी शिकले.